प्रकल्प नोंदी : अलिबागसमोरील लाटांच्या ऊर्जेचे सांख्यिकीय मोजमाप

१० मार्च २०२५, बेलापूर

प्रकल्पाचे काम आजपासून औपचारिकपणे सुरू झाले. अलिबागच्या पश्चिमेला, साधारण ३० मीटर खोलीच्या पाण्यात लाटांपासून वीज तयार करणारे यंत्र बसवले, तर त्याला वर्षभरात किती ऊर्जा उपलब्ध होईल, हे आम्हाला सांगायचे आहे. ज्यांनी हे काम सोपवले आहे त्यांना उत्तर एकाच आकड्यात हवे आहे : लाटेच्या आघाडीच्या दर मीटरमागे वार्षिक सरासरी किती किलोवॅट.

भारताच्या किनाऱ्यावर लाटांपासून सुमारे ४०,००० मेगावॅट वीज मिळू शकेल, असा प्राथमिक अंदाज आयआयटी मद्रास आणि क्रिसिल ही पतमापन व विश्लेषण संस्था यांच्या २०१४ च्या अभ्यासात मांडला गेला होता आणि २०१९ मध्ये केंद्र सरकारने सागरी ऊर्जेला नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा दिला. केरळातील विळिंजम येथे १९९१ मध्ये १५० किलोवॅटचे प्रायोगिक केंद्रही उभे राहिले होते. तरीही देशव्यापी अंदाजावरून एका विशिष्ट जागेबद्दल काहीही ठरवता येत नाही. जागेचा हिशेब जागेवरच्या लाटांवरून करावा लागतो.

हिशेबाचे मूळ सूत्र साधे आहे. खोल पाण्यात लाटेच्या आघाडीच्या दर मीटरमागे मिळणारी शक्ती, किलोवॅटमध्ये, ही लक्षणीय लाट-उंचीचा वर्ग गुणिले ऊर्जा-आवर्तकाल गुणिले ०.४९ एवढी असते. लक्षणीय उंची म्हणजे, ढोबळमानाने, सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी उंची. आवर्तकाल म्हणजे एका लाटेनंतर दुसरी लाट येईपर्यंतचा वेळ, आणि ऊर्जा-आवर्तकाल ही त्याची ऊर्जेच्या हिशेबाने काढलेली सरासरी. उंची तीन मीटर आणि आवर्तकाल आठ सेकंद असेल तर ३५ किलोवॅट मिळतात, उंची ०.७ मीटर आणि आवर्तकाल सहा सेकंद असेल तर दीड किलोवॅटही मिळत नाही. आपल्या समुद्रात ही दोन्ही चित्रे एकाच वर्षात, एकाच ठिकाणी दिसतात.

१८ मार्च

युरोपीय हवामान केंद्राच्या ईआरए-५ या पुनर्विश्लेषणातील (जुनी निरीक्षणे आणि हवामानाचे प्रारूप यांचा मेळ घालून पुन्हा उभारलेल्या माहितीसंचातील) १९९१ ते २०२० या तीस वर्षांची दर तासाची माहिती उतरवून घेतली. एकूण २,६२,९९२ तास भरले. लाटांची माहिती अर्ध्या अंशाच्या जाळीवर मिळते, म्हणजे दोन बिंदूंमध्ये सुमारे ५५ किलोमीटरचे अंतर राहते. आमचे ठिकाण आणि जवळचा बिंदू यांत खोलीचा फरक असल्याने पुढे दुरुस्ती करावी लागेल.

कार्यालयाच्या खिडकीतून पनवेल खाडी दिसते. खाडीत भरती-ओहोटीने पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, पण ज्या लाटेचा आम्ही हिशेब मांडतो आहोत ती इथपर्यंत पोहोचतच नाही. नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याला आज हा फरक समजावून सांगताना लक्षात आले की, भरतीची ऊर्जा आणि लाटेची ऊर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिले पाहिजे. भरतीचे वेळापत्रक वर्षभर आधी छापता येते. लाटेचे तसे छापता येत नाही, आणि म्हणूनच इथे सांख्यिकीची गरज पडते.

२५ मार्च

पहिला ढोबळ हिशेब केला आणि त्यातच पहिली चूक सापडली. मी तीस वर्षांची सरासरी उंची काढून तिचा वर्ग सूत्रात घातला होता. असे करणे चूक आहे हे कळायला कागदावरचे साधे उदाहरण पुरेसे आहे. समजा, आठ महिने उंची ०.७ मीटर आणि चार महिने २.५ मीटर आहे. सरासरी उंची १.३ मीटर येते आणि तिचा वर्ग १.६९. पण आधी वर्ग करून मग सरासरी घेतली तर २.४१ येतात. म्हणजे पहिल्या पद्धतीने ऊर्जा सुमारे तीस टक्के कमी भरते. याच उदाहरणात, आवर्तकाल वर्षभर एकच धरला तरी, चार महिन्यांच्या वाट्याला वर्षातील ८६ टक्के ऊर्जा येते.

हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले होते, पण संध्याकाळी प्रत्यक्ष माहितीवर तोच हिशेब मांडला तेव्हा चित्राचा आकार तसाच निघाला. ज्या सरासरीची मागणी आमच्याकडे झाली आहे, तिच्या आसपासची शक्ती असणारे दिवस वर्षात फार थोडे आहेत. बहुतेक दिवस तिच्या बरेच खाली आहेत आणि पावसाळ्याचे दिवस बरेच वर.

४ एप्रिल

आजचा दिवस एका आलेखावर गेला. मार्च ते मे या महिन्यांत लाटांची उंची दिवसाच्या कोणत्या तासाला किती असते, हे काढले होते. रेषा हलकीशी चढते आणि सकाळी अकरा ते बाराच्या सुमारास शिखर गाठते, असे त्यात दिसत होते. माझी सहकारी मुरूडची आहे. तिने आलेख पाहताक्षणी विचारले, “खारे वारे दुपारी जोर धरतात, मग लाट त्यांच्या आधीच शिखरावर कशी पोहोचली?” प्रश्न इतका सरळ होता की उत्तर शोधायला वेळ लागला नाही. माहितीतील वेळ ग्रीनिचची आहे आणि मी तीत साडेपाच तास मिळवलेले नव्हते. ते मिळवल्यावर शिखर संध्याकाळी पाचच्या सुमारास आले, जिथे ते असायला हवे होते.

वार्षिक सरासरीवर या चुकीचा काहीच परिणाम झाला नसता, म्हणूनच ती अधिक धोक्याची होती. विजेची मागणी संध्याकाळी वाढते. लाटेचे शिखर त्याच वेळी येते की दुपारच्या आधी, यावर उन्हाळ्यातील थोड्याशा विजेचेही मोल बदलते. यापुढे प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत वेळ कोणती आहे ते लिहायचे, असा नियम आम्ही केला.

११ एप्रिल

आवर्तकालाबद्दल एक तपासणी केली. काही जुन्या तक्त्यांमध्ये शिखर-आवर्तकाल (सर्वाधिक ऊर्जा असलेल्या लाटांचा आवर्तकाल) दिलेला असतो आणि सूत्रात ऊर्जा-आवर्तकाल हवा असतो. दुसरा पहिल्याच्या साधारण नऊ-दशांश असतो, पण हे प्रमाण वर्णपटाच्या, म्हणजे वेगवेगळ्या आवर्तकालांत ऊर्जा कशी वाटली आहे त्या चित्राच्या, आकारावर अवलंबून आहे. दोन्ही गोष्टी एकच मानल्या तर ऊर्जा दहा टक्क्यांहून अधिक फुगते. आम्ही वर्णपटावरून थेट काढलेला ऊर्जा-आवर्तकालच वापरत आहोत.

खोलीची दुरुस्तीही पूर्ण झाली. आठ सेकंदांच्या लाटेची खोल पाण्यातील लांबी सुमारे १०० मीटर असते. पाणी तिच्या निम्म्याहून उथळ असेल तर लाटेला तळ जाणवू लागतो. ३० मीटर पाण्यात त्याच उंचीची, त्याच आवर्तकालाची लाट ऊर्जा वाहून नेते तो वेग खोल पाण्यापेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी जास्त निघतो. मात्र मुंबईसमोरचा भूखंडमंच (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ) फार रुंद असल्याने इथवर येता येता तळाच्या घर्षणात ऊर्जा खर्चही होते. केवळ पहिला परिणाम मोजून आकडा वाढवणे अप्रामाणिकपणाचे झाले असते, म्हणून दोन्ही परिणाम एकत्र मोजणारे प्रारूप चालवले.

२२ एप्रिल

उंचीचे वितरण (कोणती उंची किती वेळा येते त्याचे सूत्र) वायबुलचे आणि उंची दिलेली असताना आवर्तकालाचे वितरण लॉग-नॉर्मल, ही सागरी अभियांत्रिकीतील रूढ जोडी आहे. पावसाळ्याच्या महिन्यांवर ती चांगली बसली. उघाडीच्या, म्हणजे पावसाळ्याबाहेरच्या, महिन्यांवर ती बसेना.

कारण शोधण्यासाठी ०.७ ते ०.९ मीटर एवढ्याच उंचीचे तास वेगळे काढले आणि त्यांच्या आवर्तकालांचा स्तंभालेख केला. एका ढिगाऐवजी दोन ढीग दिसले, एक चार-पाच सेकंदांच्या आसपास आणि दुसरा त्याच्या दुपटीहून पुढे. पहिला ढीग जवळच्या वाऱ्याने उठलेल्या लाटांचा आहे. दुसऱ्या ढिगातील लाटा दक्षिण महासागरातील वादळांत जन्मून हजारो किलोमीटर प्रवास करून येतात. हिवाळ्यात यात तिसरी भर पडते : इराणच्या आखातावरून सुटणाऱ्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून दोन-तीन दिवस आपल्या किनाऱ्यावर येत राहतात. या सगळ्यांना एकाच लॉग-नॉर्मलमध्ये कोंबले की त्याचे शिखर दोन ढिगांच्या मधल्या दरीत उभे राहते, म्हणजे ज्या आवर्तकालाच्या लाटा तिथे फारशा येतच नाहीत, त्यांनाच प्रारूप सर्वाधिक संभाव्य ठरवते.

यंत्राच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. तरंगणाऱ्या यंत्राला स्वतःचा नैसर्गिक आवर्तकाल असतो आणि तो लाटेच्या आवर्तकालाशी जुळला तरच ते भरपूर ऊर्जा घेते. मधला, कल्पित आवर्तकाल धरून यंत्राची रचना केली तर ते दोन्ही प्रकारच्या लाटांना पारखे होईल. म्हणून वाऱ्याची लाट आणि दुरून आलेली लाट यांची वेगळी विभागणी ईआरए-५ मध्ये उपलब्ध आहे ती घेतली आणि दोहोंना स्वतंत्र वितरणे बसवली.

२७ एप्रिल

सुटीच्या दिवशी दिवाळे कोळीवाड्यात गेले होते. जाळे विणत बसलेल्या एका वयस्क काकांना मी दोन ढिगांबद्दल, अर्थात आकड्यांशिवाय, विचारले. ते म्हणाले, “पोरी, वारा नाय तरी दर्या हलतो, असे दिवस असतात. होडी आपटत नाय, नुसती वर-खाली होते.” त्यांनी तळहात आडवा धरून तो सावकाश उचलला, सावकाश खाली आणला, आणि मग तोच हात चटचट हलवून वाऱ्याची लाट दाखवली. माझ्या स्तंभालेखातील दोन ढिगांचे याहून नेमके वर्णन मला करता आले नसते. अहवालात या भेटीला स्थान नाही, परंतु विभागणी योग्य दिशेने होत आहे याची खात्री पटली.

१२ मे

बोयाच्या, म्हणजे समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या मापकाच्या, नोंदींवर ईआरए-५ पडताळण्याचे काम या आठवड्यात केले. किनाऱ्याजवळच्या एका बोयाच्या काही वर्षांच्या नोंदी हाती आल्या. जुळणी वरकरणी उत्तम दिसली, पण कोणत्या तासांच्या नोंदी उपलब्ध नाहीत, याचा तक्ता मांडल्यावर समाधान उरले नाही. गाळलेले तास वर्षभर सारखे विखुरलेले नाहीत. ते जून आणि जुलैत दाटलेले आहेत. खवळलेल्या समुद्रात बोयाचा नांगर तुटतो आणि पावसाळा ओसरेपर्यंत दुरुस्तीची नौका तिथे जाऊ शकत नाही. म्हणजे लाटा जितक्या मोठ्या, तितकी त्यांची नोंद नसण्याची शक्यता अधिक.

सांख्यिकीत याला यादृच्छिक नसलेली अनुपलब्धता म्हणतात आणि ती सरासरी घेऊन भरून काढता येत नाही. उपलब्ध तासांवरून काढलेला दुरुस्ती-गुणक (ईआरए-५ मधील उंची ज्याने गुणून दुरुस्त करायची तो आकडा) शांत समुद्राचा असतो. तो पावसाळ्याला लावला तर चूक वर्गाने वाढते, कारण उंचीत दहा टक्के कमी पडले की शक्तीत एकोणीस टक्के कमी पडतात. सरल या भारत-फ्रान्स उपग्रहाला मात्र नांगर नाही. २०१३ मध्ये सोडलेल्या या उपग्रहावरील उंचीमापक पावसाळ्यातही लाटांची उंची मोजत राहिला. त्याच्या फेऱ्या विरळ असल्या तरी त्यांचा समुद्र खवळण्याशी संबंध नाही, आणि आम्हाला हवी असलेली गोष्ट नेमकी हीच आहे. पावसाळ्याचा दुरुस्ती-गुणक उपग्रहाच्या नोंदींवरून काढायचा, असे ठरले.

२८ मे

आतापर्यंतच्या सगळ्या हिशेबात मी पावसाळा १ जून ते ३० सप्टेंबर असा धरला होता. यंदा मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि परवा, २६ मे रोजी, मुंबईत पोहोचला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून आहे. काल दिवाळ्याच्या बाजूने येताना पाहिले, काही होड्या घाईघाईने वर ओढून शाकारत होते. दर वर्षी १ जूनला सुरू होणारी मासेमारी-बंदी यायच्या आतच आगोट (पावसाळ्याची सुरुवात) येऊन ठेपली.

कॅलेंडरची रेघ ओढून केलेली विभागणी अशा वर्षी मे अखेरच्या मोठ्या लाटांना उघाडीच्या वितरणात ढकलते आणि त्या वितरणाचे शेपूट विनाकारण लांबवते. ज्या वर्षी पाऊस उशिरा येतो त्या वर्षी उलट घडते. तीस वर्षांतील प्रत्येक वर्षी ही रेघ थोडीफार चुकीच्या जागी होती आणि मला ते यंदाच्या पावसाने दाखवून दिले.

९ जून

रेघ काढून टाकली. तिच्या जागी दडलेल्या अवस्थांची मार्कोव्ह साखळी घेतली : समुद्र दर दिवशी ‘पावसाळी’ किंवा ‘उघाडीच्या’ अवस्थेत असतो, ती अवस्था आपल्याला थेट दिसत नाही, पण लाटांची उंची, वाऱ्याची दिशा आणि दुरून आलेल्या लाटांचा वाटा यांवरून तिची संभाव्यता काढता येते. पहिल्या प्रयत्नात साखळीने जुलैतील पावसाच्या खंडाचे काही दिवस उघाडीत टाकले. खंडात वारा पडतो खरा, पण समुद्राची पावसाळी हालचाल थांबत नाही. अवस्था बदलण्याची संभाव्यता वर्षातील दिवसावर अवलंबून ठेवल्यावर ही अडचण दूर झाली, आणि सुरुवात दर वर्षी वेगळी येण्याची मोकळीकही राहिली.

आता दोन्ही अवस्थांवर वायबुल स्वच्छ बसतो. जे वितरण वर्षभराच्या माहितीवर ओढूनताणून बसवावे लागत होते, ते योग्य तुकड्यांवर सहज बसले.

१९ जून

यंत्र टिकेल का, हा प्रश्न ऊर्जेच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. त्यासाठी एका ठरावीक उंचीच्या वरच्या लाटा घेऊन त्यांना सामान्यीकृत पॅरेटो हे टोकाच्या मूल्यांसाठीचे वितरण बसवले. एकाच वादळातील लागोपाठचे तास वेगळे मोजले जाऊ नयेत म्हणून दोन शिखरांत किमान ७२ तासांचे अंतर ठेवले.

इथे पुन्हा कॅलेंडरने फसवले असते. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकले. तारखेने ते पावसाळ्यात मोडते, पण त्याची लाट मोसमी वाऱ्याची नाही. तौक्ते मे २०२१ मध्ये आले. त्या वादळात मुंबईसमोरच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून अनेक कामगारांचे प्राण गेले. आमची तीस वर्षे २०२० ला संपतात, त्यामुळे तौक्ते माहितीतच नव्हते. कालखंड नीटस गोल असावा म्हणून आपण ठरवलेल्या सीमेबाहेर इतकी मोठी घटना राहावी, हे मला फार खटकले. टोकाच्या लाटांसाठी कालखंड २०२४ अखेरपर्यंत वाढवला, आणि हवामान विभागाच्या मार्गनोंदींच्या आधारे चक्रीवादळांच्या लाटा वेगळ्या केल्या.

केवळ मोसमी लाटा घेतल्या तर वितरणाचा आकारांक शून्याच्या खाली राहतो, म्हणजे उंचीला जणू एक छत असते. चक्रीवादळे त्यांत मिसळली की तो शून्याच्या वर जातो आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या लाटेचा अंदाज एकदम उंचावतो. दोन वेगळ्या कारणांनी उठणाऱ्या लाटांना दोन वेगळी वितरणे देऊन त्यांची वार्षिक संभाव्यता शेवटी एकत्र केली. पुनर्विश्लेषण चक्रीवादळांच्या लाटा कमी दाखवते, हे लक्षात घेऊन वरची मर्यादा मुद्दाम सैल ठेवली आहे.

याला जोडून एक छोटी नोंद : लक्षणीय उंची ही सर्वांत उंच लाट नव्हे. रॅले वितरणानुसार हजार लाटांतील सर्वांत उंच लाट लक्षणीय उंचीच्या सुमारे १.८६ पट असते. चार मीटर उंचीच्या समुद्रात यंत्राच्या नांगराला साडेसात मीटरच्या आसपासची लाट झेलावी लागेल.

३० जून

अनिश्चिततेचा हिशेब झाला. अडीच लाखांहून अधिक तास स्वतंत्र मानले तर सरासरीची चूक नगण्य येते, पण आत्ताची लाट आणि तासाभरापूर्वीची लाट जवळजवळ एकच असते. आमच्याकडे खऱ्या अर्थाने तीस पावसाळे आहेत. म्हणून बूटस्ट्रॅपमध्ये (उपलब्ध माहितीतूनच पुनःपुन्हा नमुने उचलण्याच्या पद्धतीत) तास न उचलता अख्खी वर्षे उचलली आणि हजार वेळा हिशेब पुन्हा केला. विश्वासांतर, म्हणजे खरी सरासरी ज्या मर्यादांत असावी तो पट्टा, कित्येक पटींनी रुंदावले. मार्गदर्शक सरांनी ते पाहून एवढेच म्हटले की, “हे रुंद आहे म्हणूनच छापा.”

८ जुलै

यंत्राच्या तक्त्याशी जुळणी केली. उंची आणि आवर्तकाल यांच्या प्रत्येक चौकटीत वर्षातील किती तास पडतात ते एका तक्त्यात, आणि त्या चौकटीत यंत्र किती वीज देते ते दुसऱ्या तक्त्यात. दोहोंचा गुणाकार करून बेरीज घेतली. मोठ्या लाटांसाठी आखलेले यंत्र आठ महिने जवळजवळ रिकामे बसते. लहान लाटांसाठी आखलेले यंत्र पावसाळ्यात आपल्या कमाल क्षमतेला अडकते आणि त्याच्या पुढची ऊर्जा तशीच निघून जाते. समुद्रातून वाहणारी ऊर्जा पावसाळ्यात कितीही मोठी असली तरी यंत्राच्या हाती येणारी वीज तितक्या प्रमाणात वाढत नाही, आणि वार्षिक सरासरीच्या एका आकड्यात हे कुठेच दिसत नाही.

पावसाळ्यात ढगांमुळे सौर वीज घटते आणि लाटा वाढतात, हा पूरकपणा प्रस्तावात मांडला जावा अशी सूचना आली होती. ती अर्धी बरोबर आहे. महाराष्ट्रातील पवनऊर्जाही पावसाळ्यातच भरात असते आणि धरणेही त्याच काळात भरतात. पूरकपणाचा मुद्दा सौर ऊर्जेपुरताच लिहिला.

१८ जुलै

अहवालाचा मसुदा पाठवला. सकाळी दूरध्वनी आला की पहिल्या पानावर एकच आकडा हवा आहे. आम्ही आकडा दिला, पण त्याच ओळीत पावसाळी अवस्थेची सरासरी, उघाडीच्या अवस्थेची सरासरी, पावसाळ्याचा वार्षिक वाटा आणि विश्वासांतर हे चारही लिहिले, आणि ही ओळ तोडून छापू नये अशी लेखी विनंती केली. थोड्या चर्चेनंतर ती मान्य झाली.

यंदाच्या जून-जुलैच्या बोया-नोंदींची मागणी नोंदवली आहे. त्या आल्या तर उपग्रहावरून काढलेला पावसाळी दुरुस्ती-गुणक पहिल्यांदाच स्वतंत्रपणे तपासता येईल. तोपर्यंत तक्ता क्रमांक सहामधील त्या तपासणीचा रकाना कोरा ठेवला असून, तो कोरा का आहे याची कारणे त्याखाली दोन ओळींत दिली आहेत.